घर पाडण्याआधी अंगणातल्या जास्वंदीची काडी घ्या

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत फुलझाडांच्या काड्या लावण्याविषयी एक छोटी चौकट होती. काडी कापा, काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात उभी करा, ग्लास उन्हाच्या खिडकीत ठेवा, पंधरा दिवसांत मुळ्या फुटतील आणि हे वर्षात कधीही करता येते, असे तीत म्हटले होते. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच आहे. पण नागपुरात ज्याने एकदा तरी एप्रिलमध्ये काडी लावून पाहिली असेल, त्याला तो ‘कधीही’ शब्द टोचल्याशिवाय राहणार नाही. मला टोचला. शिवाय या विषयावर मनात बरेच दिवस साचलेले आहे, म्हणून थोडे लांबच लिहिते आहे. जागा देता आली तर उपकार होतील.

मी ३३ वर्षे सरकारी दवाखान्यात परिचारिका होते. आता निवृत्त आहे, मानेवाड्याला तिसऱ्या मजल्यावर राहते. त्याआधीची सगळी वर्षे आमचे घर जुन्या नागपुरातल्या महाल भागात होते. कवेलूचे छप्पर, मागे आंगण, आंगणात विहीर आणि विहिरीच्या काठाशी पाच पाकळ्यांची साधी लाल जास्वंद. गावठी म्हणतात तीच. फूल फार मोठे नाही, पण रंग असा की पहाटे अंधुक उजेडात झाडाचे पान दिसायच्या आधी फूल दिसायचे. ती जास्वंद सासूबाईंची. आम्ही त्यांना बाई म्हणत असू. बाईंचे लग्न १९५६च्या उन्हाळ्यात झाले, तेव्हा नागपूर अजून मध्य प्रदेशची राजधानी होते. लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात त्या माहेरी रामटेकला गेल्या आणि परतताना वडिलांच्या घरच्या जास्वंदीच्या तीन काड्या ओल्या फडक्यात, वरून केळीच्या पानात गुंडाळून घेऊन आल्या. तिन्ही विहिरीजवळ खोचल्या. एक लागली. ही गोष्ट त्यांनी मला किती वेळा सांगितली असेल, मोजदाद नाही. दर वेळी शेवटी ‘एक लागली’ म्हणताना एक बोट वर करायच्या.

२०१८ साली महालातले घर फ्लॅट स्कीमला, म्हणजे पाडून तिथे फ्लॅट बांधायला, द्यायचे ठरले. चार भावांचा वाडा, कवेलू दरसाल गळायचे, दुरुस्तीला कुणाच्या हातात पैसा नाही. निर्णय योग्यच होता आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. बाई तेव्हा हयात नव्हत्या. गुढीपाडव्यानंतर करारावर सह्या झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात मी जास्वंदीच्या २४ काड्या कापल्या. रंगाच्या रिकाम्या बादल्यांत आंगणातलीच काळी माती भरली, वर हिरवी जाळी बांधली, दिवसातून चारदा पाणी घातले. झाड वाचवायचे तर पाणी कमी पडू द्यायचे नाही, एवढेच मला कळत होते.

एकही जगली नाही. दहाव्या-बाराव्या दिवशी पाने करपून गळाली. मी एक काडी उपटून पाहिली तर मातीतला भाग काळा पडलेला आणि हाताला बुळबुळीत. साल नुसत्या बोटाने सरकली, ओली बाही हातातून निघावी तशी, आणि आतले लाकूड तपकिरी. वरचे टोक मात्र कडकडीत वाळलेले. एकाच काडीचा एक शेंडा तहानेने मेला होता आणि दुसरा पाण्याने सडला होता. मी तिथेच पायरीवर बसून राहिले. बाईंनी विश्वासाने मागे ठेवलेली एकच जिवंत वस्तू आणि माझ्या हातून २४ वेळा गेली, असे वाटले.

आमच्या ओळखीच्या एका रोपवाटिकेत एक जुने माळीदादा होते. त्यांना ती सडलेली काडी नेऊन दाखवली. त्यांनी वास घेतला, फेकून दिली आणि म्हणाले, “ताई, काडीले पानी नाही लागत, वल्ली हवा लागते. पानी पडू द्या वरून, मंग पाहू.”

वल्ली, म्हणजे ओली, हवा. बारा-पंधरा शब्दांत त्यांनी सगळे शास्त्र सांगितले होते, ते मला पुढे हळूहळू उमगत गेले. काडीला मुळ्या नसतात, त्यामुळे कितीही पाणी घातले तरी ती ते पुरेसे पिऊ शकत नाही. पानांतून मात्र वाफ उडतच असते. म्हणून तिचे पाणी जाणार नाही अशी हवा लागते, ढगाळ, दमट, ना फार गरम ना गार. आपल्या नागपुरात अशी हवा पाऊस नीट बसल्यापासून पोळ्यापर्यंत असते. बाकीच्या वर्षात नसते. एप्रिल-मे तर विचारूच नका. २३ मे २०१३ला या शहराने ४७.९ अंश पाहिले आहेत. जाळीखाली ऊन थांबते, पण कोरडी झळ थांबत नाही, ती जाळीतून आरपार जाते. डिसेंबर-जानेवारीत रात्री इतक्या गार होतात की काडी मरत नसली तरी नुसती उभी राहते, मुळीचे नाव घेत नाही. पुण्याकडची किंवा कोकणातली माणसे ‘कधीही लावा’ म्हणत असतील तर त्यांच्या हवेत ते खरे असेल. इथे त्या सल्ल्याने झाड जाते, आणि माणूस ‘माझ्या हाताला गुणच नाही’ म्हणून कायमचा सोडून देतो. मला हे फार लागते. हाताला गुण नसतो असे काही नसते, महिना चुकलेला असतो.

आता विचार करते तेव्हा वाटते, आपल्याकडच्या बायकांना हा महिना कुणी वेगळा शिकवलाच नसेल. नवी सून आषाढात माहेरी जायची, पाऊस लागलेला असताना सासरी परतायची, आणि येताना माहेरच्या आंगणातली काडी आणायची. जाण्यायेण्याची रीत आणि काडी लागण्याचे दिवस असे एकावर एक बसलेले होते. आता आपण लेकीकडे, माहेरी दिवाळीत जातो किंवा मे महिन्याच्या सुट्ट्यांत. काड्या तेव्हा कापतो. त्या लागत नाहीत.

घर पाडायला दिवाळी उलटणार होती, हे माझे नशीब. त्या वर्षी ६ जुलैला, शुक्रवारी, शहरात इतका पाऊस झाला की पावसाळी अधिवेशन चाललेल्या विधानभवनाची वीज गेली होती. वाचकांना आठवत असेल. आमच्या गल्लीतही गुडघाभर पाणी होते. मधला दिवस मी जाऊ दिला आणि रविवारी सकाळी सातला, उन्हाचा पत्ता नसताना, २२ काड्या कापल्या. त्यातल्या १७ लागल्या.

कशा लावल्या ते सविस्तर सांगते, कारण नेमक्या बारकाव्यांपाशीच चुका होतात.

फांदी निवडताना कोवळा हिरवा शेंडा घेऊ नये, तो लवकर सडतो. बुंध्याजवळची जाड, पांढुरकी फांदीही नको. मधली, साल नुकती तपकिरी होऊ लागलेली, पेन्सिलीएवढी जाड. लांबी सहा ते आठ इंच आणि तिच्यावर तीन-चार तरी डोळे, म्हणजे पान फुटायच्या जागा, हवेत. खालचा काप डोळ्याच्या किंचित खाली आणि तिरका, वरचा काप डोळ्याच्या वर आणि सपाट. तिरका-सपाट करण्याचे एक मोठे कारण आहे: काडी उलटी लागत नाही. मुळी फोडणारे द्रव्य झाडात शेंड्याकडून खाली वाहत येते आणि खालच्या कापाशी साठते. दहा-वीस काड्या एकत्र पडल्या की वरचा शेंडा कोणता, खालचा कोणता, हे भल्याभल्यांना कळत नाही. तिरके टोक मातीत, एवढे लक्षात ठेवले की चूक होत नाही.

पात्याबद्दल मी जरा कडक आहे, इतकी वर्षे दवाखान्यात काढल्यावर असणारच. भाजी चिरायची सुरी घेऊ नका, गंजलेली कैची तर नकोच. नवे ब्लेड किंवा धारदार चाकू, स्पिरिटने पुसलेला, आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना पुन्हा पुसलेला. एका झटक्यात काप बसला पाहिजे. बोथट पात्याने साल चेंगरते आणि चेंगरलेल्या जागी सड धरते. माणसाची जखमही चिरलेली असली तर लवकर भरते, चेंगरलेली असली तर चिघळते. काडीच्या कापावर आठ-दहा दिवसांत एक फिकट, खरबरीत गाठ येते, ती म्हणजे तिची भरून आलेली जखमच. मुळ्या त्यानंतर तिच्या आसपासच्या सालीतून निघतात.

सगळ्या कळ्या काढून टाकायच्या. इथे अनेकांचा जीव होत नाही. काडीवर टपोरी कळी असते, दोन दिवसांत फुलेल असे वाटते, आणि ती फुलतेही. पण मग काडीतली शिदोरी त्या एका फुलात जाते आणि संध्याकाळी ते फूल मिटले की काडीपाशी काही उरत नाही. खालची पाने काढायची, वरची दोन ठेवायची आणि ती कैचीने निम्मी कापायची. पूर्ण काढू नयेत, कारण मुळ्या येईपर्यंत काडीची चूल त्या अर्ध्या पानांवरच पेटलेली असते. पूर्ण ठेवूही नयेत, नाहीतर पाणी उडून जाते.

कृषी केंद्रात मुळ्या फुटण्याची पावडर मिळते, इंडोल ब्युटिरिक अ‍ॅसिडची. खालचे टोक अर्धा इंच तीत टेकवून, जास्तीची झटकून लावावे. त्याने मुळ्या लवकर आणि जास्त येतात. ती नसली तरी पावसाळ्यात जास्वंद लागते, बाईंच्या वेळी कुठे होती पावडर! हळद लावल्याने मुळ्या येतात असे बरेच जण सांगतात. हळदीत मुळी फोडणारे काही नसते. लावायची हौस असेल तर लावा, पण तिच्यावर विसंबू नका.

मातीचे मात्र नागपूरकरांनी नीट ऐकावे. आपली काळी माती पिकाला सोन्यासारखी असली तरी काडीला वैरीण आहे. पावसात ती चिकट होऊन बसते, पाणी धरून ठेवते, आत हवा जात नाही, आणि काडी सडते. पुढे उन्हाळ्यात तडकते आणि कोवळ्या मुळ्या तोडते. मी दोन भाग कन्हानची जाड रेती घेते, बांधकामावर उरलेली असते ती, चाळून आणि तीन पाण्यांनी धुऊन. एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. शेणखत अजिबात नाही. मुळ्याच नाहीत तर खाणार कोण? उलट खताने बुरशी येते. हे मिश्रण मुठीत दाबले तर गोळा व्हावा आणि बोट लावताच फुटावा, एवढेच ओले ठेवायचे.

कुंडीऐवजी मी पाण्याच्या पारदर्शक बाटल्या मधोमध कापून वापरते. तळाला तापलेल्या सळईने पाच-सहा भोके पाडायची. तीन इंच काडी आत, बाजूची रेती बोटाने घट्ट दाबायची, पोकळी राहू द्यायची नाही. वर पातळ प्लॅस्टिकची पिशवी ढिली घालायची, आतून दव धरते. रोज एकदा पिशवी काढून पाच मिनिटे हवा द्यायची. ऊन बिलकूल नको, नुसता उजेड. आमच्या महालातल्या घरी न्हाणीच्या बाहेरची ओटी होती तशी जागा. इथे फ्लॅटमध्ये मी उत्तरेच्या बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली ठेवते.

पारदर्शक बाटली घेण्याचे कारण सांगते. पहिल्या खेपेला मी रोज एक काडी उपटून मुळी आली का पाहत असे आणि पुन्हा खोचत असे. जखमेवरची पट्टी दर तासाला उघडून पाहणाऱ्या नातेवाइकांना मी वॉर्डात किती रागावले असेन, आणि काडीशी मी तेच करत होते. नव्या मुळीचे टोक केसापेक्षा नाजूक असते, एकदा हलले की मोडते. बाटलीतून ती न हलवता दिसते. त्या वर्षी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी बाटल्या पुसताना, काचेसारख्या त्या भिंतीला आतून चिकटलेला एक पांढरा धागा दिसला. मला आधी कोकोपीटचा तंतू वाटला. दुसऱ्या दिवशी तो दोन पेरे लांब झाला होता आणि त्याला बाजूने बारीक लव फुटली होती. मी मिस्टरांना हाक मारली. त्यांनी चष्मा आणला, वाकून बराच वेळ पाहिले आणि काहीही न बोलता आत गेले. ती जास्वंद त्यांच्या आईची.

पोळ्याच्या आठवड्यात सतराही काड्या पोयट्याच्या मातीत, थोडे कुजलेले शेणखत घालून, पिशव्यांत बदलल्या. शेजारपाजारची पोरे आंगणात तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घेऊन उभी होती आणि मी खुरपे घेऊन बसले होते. चार भावांच्या चार घरी चार-चार काड्या गेल्या. एक रामटेकला पाठवली. बाईंच्या माहेरचे मूळ झाड केव्हाच गेले होते, त्यांच्या भाच्याने ती आंगणात त्याच जागी लावली.

पाण्याच्या ग्लासाबद्दलही दोन शब्द. पाण्यात जास्वंदीला मुळ्या येतात, येत नाहीत असे मी म्हणणार नाही. पण त्या मुळ्या ठिसूळ असतात, त्यांना पाण्याचीच सवय असते, आणि मातीत लावले की बऱ्याच काड्या माना टाकतात. करायचेच असेल तर मुळ्या बोटाच्या पेराएवढ्या होताच लगेच रेतीत हलवा, लांब वाढू देऊ नका. आणि ग्लास उन्हात ठेवू नका. ऊन लागले की पाणी तापते, हिरवे होते, काडी कुजते. आणि सगळ्याच झाडांना एक माप लावू नये. मोगरा, तगर, कण्हेर यांना याच दिवसांत काडी धरते. कण्हेरीचा चीक विषारी असतो, हात धुवावेत. देवचाफ्याची तऱ्हा उलटी. त्याची फांदी उन्हाळ्यात कापून आठवडाभर सावलीत सुकू द्यावी लागते, चीक थांबला पाहिजे. जास्वंदीची काडी तशी सुकवली तर हातात काटकी उरते.

हे सगळे मी कुंडीतले एक झाड वाढावे एवढ्यासाठी लिहीत नाही. रोप रोपवाटिकेत विकत मिळते. तळहाताएवढ्या फुलांच्या, पिवळ्या, नारिंगी, दुरंगी जास्वंदी मिळतात आणि दिसतात छान. त्यातल्या बऱ्याच कलमी असतात, दुसऱ्या काटक झाडाच्या खुंटावर बांधलेल्या, जसा आपला संत्र्याचा डोळा जंबेरीवर भरतात. मे महिन्यात माझ्या डोळ्यांदेखत त्यातल्या किती गेल्या. आंगणातली गावठी लाल जास्वंद साठ-साठ उन्हाळे काढते. आणि ही आपली बागेतली जास्वंद सहसा बी धरत नाही. फूल सकाळी उमलते, संध्याकाळी मिटते, दुसऱ्या दिवशी देठासकट गळून पडते. लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली तिला शास्त्रीय नाव देताना चीनचा गुलाब म्हटले. ती जिथे जिथे पोचली तिथे कुणाच्या तरी हातातल्या काडीने पोचली असणार.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा अशी माझी विनंती आहे. काडीतून आलेले झाड हे जुन्या झाडाचे लेकरू नव्हे, तेच झाड आहे. माझ्या बाल्कनीत १४ इंची कुंडीत जी जास्वंद आहे, ती रामटेकच्या आंगणातलीच आहे. म्हणून जुन्या घरातली जास्वंद पाडापाडीत गेली आणि तिची काडी कुणाच्याच घरी नसली, तर ती गेलीच. बी कुठे पडलेले नसते की पुढच्या पावसात उगवेल.

आणि ती रोज जाते आहे. महाल, इतवारी, धरमपेठ, हनुमाननगर, कुठल्याही गल्लीत जा, एक तरी घर पत्र्यांनी वेढलेले असते. लोक दारे-खिडक्या काढून विकतात, सागवानी तुळया, कवेलू, शहाबादी फरशा, विहिरीवरचे रहाटसुद्धा नेतात. देवघर तर डोक्यावर नेतात. त्या देवाला रोज फूल देणारे झाड तिथेच उभे असते आणि जेसीबीच्या पहिल्या फेरीत विटांखाली जाते. ते मुद्दाम कुणी करत नाही. कुणाच्या ध्यानातच येत नाही. सामान हलवायची घाई, कागदपत्रे, भाड्याचे घर शोधणे, त्यात झाड कुणाला आठवणार? माझी तक्रार कुणावर नाही, फक्त आठवण करून द्यायची आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. धरमपेठेत माझ्या एका जुन्या सहकारी सिस्टरच्या आईंचे, आमच्या काकूंचे, घर होते. त्यांच्या फाटकाशी पांढरी जास्वंद होती, मध्ये लालबुंद ठिपका असलेली. तशी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. मी त्यांना काड्या घ्यायला येते म्हणाले होते, पण घरी आजारपण निघाले आणि चार दिवस गेले. पोचले तोवर घर भुईसपाट झाले होते. दोन दिवस झाले होते पाडून. मलब्याच्या ढिगातून एका फांदीचे टोक दिसत होते, पाने चुरगाळून काळी पडलेली. जेसीबीवाल्या दादांना सांगितले. त्यांनी मशीन बंद केले, खाली उतरले, आपल्या हाताने विटा बाजूला करून मनगटाएवढी फांदी ओढून काढून दिली. दहा मिनिटे त्यांचे काम थांबले, पण त्यांच्या चेहऱ्यावर त्रासिकपणा नव्हता. “आमच्याकडेही आहे देवीच्या फुलाची,” एवढेच म्हणाले.

मी तिथेच नखाने साल खरवडली. दोन ठिकाणी तपकिरी निघाली, तिसऱ्या ठिकाणी हिरवी. हिरवी म्हणजे आत जीव आहे. घरी आणून रात्रभर बादलीत भिजत ठेवली, सकाळी हिरव्या भागांतून नऊ काड्या निघाल्या. सात गेल्या. दोन लागल्या. त्यातली एक दिवाळीनंतर काकूंना द्यायला गेले. त्या आता मुलाकडे चौथ्या मजल्यावर असतात. वय ८०च्या पुढे, दिसते कमी. मी काय आणले आहे ते सांगितले नव्हते. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, पान दोन बोटांत धरून देठापासून टोकापर्यंत चाचपले, उलटून पुन्हा चाचपले आणि म्हणाल्या, “ही फाटकाजवळची. हिचं पान असंच लांबट होतं.” मग बराच वेळ पिशवी खाली ठेवेनात. चहा आला तरी ती मांडीवरच होती.

दोन दिवस आधी पोचले असते तर २० काड्या मिळाल्या असत्या, एवढी खंत राहिली.

म्हणून ज्यांचे घर स्कीममध्ये जाते आहे त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे. करार एप्रिलमध्ये झाला असेल आणि घर पावसाळ्यापर्यंत उभे राहणार असेल, तर उन्हाळ्यात झाडाला हात लावू नका, त्याला बुंध्याशी पाणी घालत राहा आणि जुलैची वाट पाहा. घर उन्हाळ्यातच पडणार असेल तर निदान ज्यांच्या घरी मोठे आंगण आणि दाट सावली आहे अशांना पंधरा-वीस काड्या द्या, पिशवीखाली चार तरी तगतील. एकाच घरी सगळ्या ठेवू नका, तीन-चार घरी वाटा. एकाकडची गेली तर दुसऱ्याकडून परत येते. आणि बिल्डर मंडळींना विनंती, पावसाळ्यात घर पाडायचे ठरले की घरमालकाला आठ दिवस आधी आठवण करा, त्यात खर्च काही नाही. नव्या इमारतीच्या फाटकाशी तीच जास्वंद परत लावून दिली तर तिथे राहायला येणाऱ्या जुन्या माणसांना काय वाटेल, ते मी काकूंच्या घरी पाहिले आहे.

फ्लॅटमध्ये लावणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायची राहिली. कुलरच्या टाकीत उरलेले पाणी कुंडीत ओतू नका. पाणी वाया जाऊ नये म्हणून आपण ओततो, पण वाफ उडून जाते आणि क्षार टाकीत मागे उरतात. कुलरच्या गवतावर पांढरे पापुद्रे धरतात तेच ते. त्या पाण्याने जास्वंदीची पाने पिवळी पडतात, कडा करपतात, आणि आपण खत कमी पडले म्हणून खत घालत बसतो. पिठ्या ढेकूण दिसला तर निंबोळी तेलात दोन थेंब साबण, पाण्यात मिसळून, फडक्याने पुसून काढा. मुंग्या चढू लागल्या की समजा तो आलाच आहे.

संपादक महोदय, आपल्याकडे शेवटची विनंती. जुलै-ऑगस्टचे दोन महिने स्थानिक पानावर आठवड्यातून एकदा, चार ओळींचीच का होईना, एक जागा द्यावी. कोणत्या भागात कोणते जुने घर पाडले जाणार आहे, तिथे कोणते फुलझाड आहे, काडी कुणाला हवी, एवढेच. घरमालकाच्या परवानगीने. काडी घ्यायला जाणाऱ्याने आपले ब्लेड आणि ओले फडके घेऊन जावे. शहरात कितीतरी सेवानिवृत्त माणसे बसून आहेत, सकाळी सातला बस धरून जायला आनंदाने तयार होतील. मी तर नक्कीच जाईन.

यंदा माझ्याकडे लाल गावठीच्या ३१ आणि पांढरीच्या ६ काड्या बाटल्यांत लावलेल्या आहेत. लाल्यांपैकी १४च्या मुळ्या आज सकाळपर्यंत दिसू लागल्या आहेत, पांढरीच्या अजून नाहीत. पोळ्यानंतर ज्यांना न्यायच्या असतील त्यांच्यासाठी माझा पत्ता या पत्रासोबत आपल्या कार्यालयात देऊन ठेवते आहे, छापू नये. येताना पिशवी आणावी, आणि स्वतःच्या आंगणात एखादे जुने झाड असेल तर त्याची एक काडी माझ्यासाठी आणावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका,
मानेवाडा, नागपूर